गिरणीचा चढ

वुओरियोकी गावात आज जे लोक गाडी चालवतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ती आउलिस केत्तुनेननं शिकवलेली आहे. त्याची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे बँकेवरच्या मजल्यावरची एक खोली आणि खाली रस्त्यावर उभी असलेली एक गाडी. गाडीच्या पाठीवरचा शिकाऊपणाचा पांढरा त्रिकोण हिवाळाभर बर्फाखाली असायचा, पण तो वाचायची गरज कुणालाच नव्हती. गाडी हळू चाललीय आणि शेजारी आउलिस हाताची घडी घालून बसलाय, एवढं पुरेसं होतं.

तळं गोठलं की तो पोरांना बर्फावर घेऊन जायचा. गाडी घसरली की ओरडायचा नाही. म्हणायचा, "घसरू दे. आता घाबर. घाबरून झालं? मग आता जिकडे जायचंय तिकडे बघ." पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, तरी त्याची ही वाक्यं गावात चालूच राहिली. भांडणातसुद्धा बायका नवऱ्यांना विचारायच्या, "घाबरून झालं का?"

त्याचं आणखी एक वाक्य होतं. तरुणपणी तो जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींत उतरायचा. त्याची गाडी पुढच्या चाकांची, म्हणजे इंजिनाचा सगळा जोर पुढच्या दोन चाकांना. त्या गटात त्यानं प्रांताचा चषक आणला होता. मग त्या भागातल्या शर्यतींत चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आल्या, आणि आउलिस जो मागे पडला तो कायमचा. तेव्हापासून तो सांगायचा, "चारही चाकांची गाडी तुम्हाला निघायला मदत करते, थांबायला नाही. पुढच्या चाकांची गाडी तुमची चूक लगेच तोंडावर सांगते. चारही चाकांची मात्र ती चूक पोटात ठेवते आणि एके दिवशी व्याजासकट परत करते." आणि मग हसून, "ज्याला चालवता येत नाही त्यानं चारही चाकांची घ्यावी."

यात खोटं काही नव्हतं. पण तो ते ज्या चवीनं बोलायचा, त्यात हरलेल्या शर्यतीचा कडवटपणा होता, आणि तो त्याला स्वतःला कधी लागला नाही.

शर्यतींच्या दिवसांत त्याची गाडी राखायचा तो कालेर्वो. पुढे कालेर्वो बसच्या गॅरेजमध्ये नोकरीला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. दोघांची घरं तळ्याकाठी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आउलिसची बायको वारली तेव्हापासून शनिवारची सौना, म्हणजे गरम वाफेची अंघोळ, कालेर्वोकडे ठरलेली. अंघोळ झाली की कालेर्वोची बायको हेल्वी दोघांना जेवायला वाढायची आणि आउलिसला उरलेलं डब्यात भरून द्यायची. तो नको म्हणायचा, ती झाकण लावायची. असं बरीच वर्षं चाललं होतं.

कालेर्वोनं जन्मभर दुसऱ्यांच्या वेगवान गाड्या दुरुस्त केल्या. स्वतःकडे कायम जुनं खटारं. निवृत्त झाल्यावर त्याच्या मनात आलं की एकदा तरी आपली स्वतःची, खरी जोरदार गाडी असावी. त्याच सुमाराला आउलिसलाही गाडी बदलायची होती. दोघं मिळून युवास्क्युला शहरात गाड्यांच्या दुकानात गेले. एकच मॉडेल दोघांना आवडलं. ती गाडी दोन तऱ्हांची मिळत होती, पुढच्या चाकांची आणि चारही चाकांची.

विक्रीवाला कोवळा पोरगा होता. त्यानं विचारलं, "घर कुठे आहे तुमचं?"

"तळ्याकाठी," कालेर्वो म्हणाला. "वर मोठ्या रस्त्याला यायला गिरणीचा चढ चढावा लागतो."

"मग हीच घ्या. चारही चाकांची."

कालेर्वो त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला होता. त्याचा हात तिच्या दारावर होता. त्यानं आउलिसकडे पाहिलं.

आउलिस खांदे उडवून म्हणाला, "घे की. गाडी चालवायला येत नसेल तर घे."

विक्रीवाला पोरगा हसला. हसण्यासारखंच बोलणं होतं ते. कालेर्वोही हसला आणि त्यानं दारावरचा हात काढला. दोघांनी पुढच्या चाकांच्या, एकसारख्या, राखाडी रंगाच्या गाड्या घेतल्या आणि गावात एकापाठोपाठ एक शिरले. इर्माच्या कॉफीच्या दुकानातले सगळे कप हातात घेऊन बाहेर आले होते.

पहिला हिवाळा बरा गेला. त्यानंतर हेल्वीची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा तिला शहरातल्या इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागू लागलं. टॅक्सीची सोय होती, पण कालेर्वो म्हणायचा, घरात एवढी चांगली गाडी असताना मी बायकोला परक्याच्या हाती कशाला देऊ? सकाळी तो गाडी गरम करायचा, हेल्वीच्या पायांवर शाल घालायचा आणि दोघं निघायची.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी आउलिसच्या बाबतीत एक गोष्ट घडली. ती त्यानं कुणाला सांगितली नाही. तो मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबला होता. दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठून चाकांखालचा रस्ता काचेसारखा झाला होता. डावीकडून लाकडाचा ट्रक येत होता, पण लांब होता. आउलिसनं पाय दिला. पूर्वी तो पाय अंड्यावर ठेवावा तसा पडायचा. त्या दिवशी तो नुसता पडला. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी अर्धी रस्त्यात सरकली आणि तिथेच राहिली. इंजिन किंचाळतंय आणि गाडी हलत नाही. ट्रकवाल्यानं भोंगा दाबून धरला आणि कसाबसा पलीकडच्या बाजूनं काढला. आउलिसनं गाडी हळूच मागे घेतली आणि कडेला लावली.

त्या दिवसापासून त्या तोंडाशी आलं की तो रस्ता दोन्हीकडे पार रिकामा होईपर्यंत थांबून राहायचा. उन्हाळाभर त्यानं स्वतःला सांगून पाहिलं की एकदा होतं असं. शरद ऋतूत पहिलं दव गोठलं आणि त्याला कळलं की आपल्याच्यानं हे होणार नाही. तो युवास्क्युलाला गेला नाही, तिथे ओळखीचे लोक होते. टाम्पेरेला गेला. तेच मॉडेल, तोच राखाडी रंग, पण चारही चाकांची. गाडीच्या पाठीवर तसं लिहिलेली धातूची अक्षरं होती. त्यानं विक्रीवालीला विचारलं, "ही काढता येतील?"

"येतील. पण लोक उलट जास्तीचे पैसे देऊन लावून घेतात," ती म्हणाली.

"काढा," आउलिस म्हणाला, आणि तिची नजर चुकवून बाहेरच्या गाड्या बघत उभा राहिला.

इर्माच्या दुकानासमोरच्या अंगणात बर्फ असायचा, आणि आत खिडकीशी जन्मभर गाड्यांबद्दल बोललेली माणसं. आता गाडी न घसरता निघते हे कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून आउलिस सगळ्यांच्या शेवटी उठायचा, किंवा दुकानामागच्या वाळू टाकलेल्या जागेत गाडी लावायचा. आणि आत बसून बोलणं मात्र तेच. एकदा पेन्ती शेतकऱ्यानं मुद्दाम विषय काढला, "माझी सून चारही चाकांची घे म्हणते." आउलिसच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तिला चालवायला शिकवली होती मी. विसरली वाटतं." सगळे हसले. कालेर्वो समोर बसून कॉफीत पुल्ला, म्हणजे गोड पाव, बुडवत होता. तोही हसला, जरा उशिरा.

आउलिसला त्या रात्री झोप लागली नाही असं नाही. लागली. माणसाला अशा गोष्टींची सवय होते, आणि त्यालाही झाली. मनात एकच गोष्ट टोचायची. मोठ्या रस्त्याचं ते तोंड किती वाईट आहे आणि ती गाडी तिथे काय करते हे त्याला माहीत होतं. तसल्याच गाडीतून कालेर्वो हेल्वीला घेऊन आठवड्यातून तीनदा तिथून जात होता. त्याला एक शब्द सांगायला हवा होता. पण तो शब्द सांगायचा तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

जानेवारीत एका शुक्रवारी बर्फावर पाऊस पडला. याहून वाईट हवा आमच्याकडे नाही. टायरला खिळे असले तरी वर पाणी आणि खाली बर्फ, खिळा धरत नाही. आउलिस मुलीकडे निघाला होता. तो गिरणीच्या चढाखाली आला आणि त्याला वर एक राखाडी गाडी दिसली. तिचं तोंड त्याच्याकडे होतं.

क्षणभर त्याला कळेना. मग कळलं. कालेर्वो चढ उलटा चढत होता.

हे त्यानंच शिकवलेलं. पुढच्या चाकांची गाडी चढावर अडली की वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होऊन घसरतात. मग गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये मागे मागे वर न्यायची, म्हणजे वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. त्यानं शेकडो पोरांना हे तळ्याच्या काठावर करून दाखवलं होतं. आणि आता कालेर्वो, ज्याची मान थंडीत आखडते, खांद्यावरून मागे वळून, एक हात हेल्वीच्या सीटवर टाकून, वीतवीत गाडी वर सरकवत होता. गाडी थोडी चढायची, आडवी व्हायची, थांबायची. त्याचं लक्ष मागच्या काचेकडे होतं. त्यानं आउलिसला पाहिलं नाही.

हेल्वी समोर बघत बसली होती. पायांवर शाल होती. काचेवरचा वायपर इकडून तिकडे गेला आणि तिनं आउलिसकडे सरळ पाहिलं.

त्यानं काय करायला हवं होतं ते अगदी साधं होतं. त्याची गाडी त्या चढावर न अडता गेली असती. वर जायचं, थांबायचं, दोघांना आपल्या गाडीत घ्यायचं, इस्पितळात सोडायचं. वाटेत कालेर्वोनं विचारलं असतं, "तुझी कशी काय चढली?" एवढंच झालं असतं.

चढाच्या पायथ्याशी डावीकडे लाकूडतोड्यांचा एक रस्ता जंगलात जातो. आउलिसनं सिग्नल दिला. हे त्याला पुढे कित्येक महिने आठवत राहिलं, की त्यानं सिग्नल दिला होता. आणि तो वळला. गाडी त्या न उपसलेल्या बर्फातून चारही चाकांनी निमूट आत गेली. झाडांच्या आड गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. वरून कालेर्वोच्या इंजिनाचा आवाज येत होता, चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. आउलिसनं मनाशी म्हटलं, पेन्तीचा ट्रॅक्टर या वेळेला दुधाच्या टाकीकडे जातो, तो येईलच. मग त्यानं रेडिओ लावला.

पेन्तीचा ट्रॅक्टर खरंच आला, पण बऱ्याच वेळानं.

दुसऱ्या दिवशी इर्माच्या दुकानात कालेर्वोनंच ती गोष्ट रंगवून सांगितली. स्वतःवरच विनोद करत. "आउलिसनं शिकवलं तसं अगदी बरोबर केलं. अर्ध्यापर्यंत गेलो. मग मान अशी अडकली की पुढे बघता येईना. हेल्वी म्हणते, आता इस्पितळात दोघांना भरती करतील."

"मग?" इर्मानं विचारलं.

"मग पेन्तीनं ओढलं. उशीर झाला, इस्पितळवाल्यांनी मागाहून घेतलं तिला. संध्याकाळी घरी आली तेव्हा पार गळून गेली होती." तो कप फिरवत राहिला. "गाडीचा दोष नाही. माझाच पाय राहिला नाही आता."

"सगळ्यांचंच होतं तसं," पेन्ती म्हणाला.

आउलिसच्या समोरची कॉफी तशीच निवली. इर्मानं ती न विचारता उचलली आणि दुसरी ओतली.

त्याच शनिवारी संध्याकाळी तो सौनाला गेला नाही, सर्दी झालीय असं कळवलं. रविवारी मात्र घरात बसवेना. तो कालेर्वोच्या घरी गेला तेव्हा कालेर्वो लाकडं फोडायला शेडकडे गेला होता. हेल्वी स्वयंपाकघरात बटाटे कापून पाण्यात टाकत होती. या आजारात बटाटा तसा भिजवून, पाणी ओतून टाकूनच खावा लागतो.

"बस," ती म्हणाली. "सर्दी दिसत नाही तुला."

"नाही."

तो बसला. तिनं आणखी एक बटाटा घेतला. तो दाराजवळच्या बुटांकडे बघत राहिला.

"मी तुला पाहिलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला आधी वाटलं, याच्या पोटात बिघडलं असेल, म्हणून झाडीत गेला." ती किंचित हसली. त्याला हसता आलं नाही. "कालेर्वोला मी सांगितलं नाही."

"हेल्वी, माझी गाडी..."

"चारही चाकांची आहे. ठाऊक आहे मला. त्यालाही ठाऊक आहे."

आउलिसनं वर पाहिलं.

"नोव्हेंबरात तू सौनाला आलास ना, तू गेल्यावर तो अंगणात बर्फात चारही चाकांनी उकरलेल्या खुणा बघत उभा होता. आत येऊन म्हणाला, आउलिसनं गाडी बदलली. मी म्हटलं, मग विचार की त्याला. तर म्हणतो, नको, त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल." तिनं पाणी ओतून टाकलं आणि भांड्यात नवं घेतलं. "त्याला तुझा राग आला नव्हता. उलट म्हणाला, बिचाऱ्याला किती लपवावं लागत असेल."

आउलिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काल दुकानात कालेर्वो सगळ्यांसमोर म्हणाला होता, गाडीचा दोष नाही, माझाच पाय. गाडीचं माहीत असताना म्हणाला होता. तो ज्याला वाचवायला बघत होता, तो माणूस त्याच्या बायकोला चढावर टाकून झाडीत रेडिओ ऐकत बसला होता.

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

हेल्वीनं ओल्या हातानं ती परत सरकवली. "मी काय करू हिचं? मला गाडी येत नाही. आणि तो घ्यायचा नाही."

"मग मी सोमवारी येतो. तुला न्यायला."

तिनं हात पुसले. "ये. सातला ये. पण वाटेत गाड्यांबद्दल बोलायचं नाही."

सोमवारपासून तो जाऊ लागला. कालेर्वोला त्यानं अंगणातच सांगितलं, की गाडी बदललीय, चारही चाकांची आहे. कालेर्वोनं मान हलवली, "चांगलं केलंस," म्हणाला आणि हेल्वीसाठी दार उघडलं. तो स्वतः मागे बसला. गिरणीचा चढ गाडी सपाटीसारखा चढून गेली. कुणी काही बोललं नाही.

गावात मात्र बोललं गेलं. इर्मा त्याच्यापुढे पुल्ला ठेवायची आणि पैसे घ्यायची नाही. दुकानात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, "मित्र असावा तर असा." त्याच्या मुलीचा, औतीचा फोन आला, "बाबा, मी ऐकलं. मला तुझा अभिमान वाटतो." तो म्हणाला, "रस्ता एकच आहे, मला कुठे त्रास?" फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. चारही चाकांची गाडी लपवून घेतल्याची लाज आता उरलीच नव्हती, तिला सगळ्यांनी हसून सोडून दिलं होतं. ही दुसरी होती, आणि हिच्यावर रोज कुणीतरी शाबासकीचा हात ठेवत होतं.

मार्चमध्ये तळ्यावर दोघं बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसले असताना त्यानं कालेर्वोला सांगून टाकलं. चढ, सिग्नल, झाडी, रेडिओ. काहीच गाळलं नाही. त्याच्या मनात कुठेतरी होतं की याही वेळी कालेर्वो मान हलवेल.

कालेर्वोनं गळ वर ओढून गुंडाळला. "गाडीचं मला काही वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पण ती आत बसली होती."

"हो."

"तू तिला पाहिलंस?"

"पाहिलं."

कालेर्वोनं आपलं स्टूल उचललं आणि काठाकडे चालू लागला. मधेच थांबून तो म्हणाला, "तिला न्यायचं थांबवू नकोस. तिला तुझ्या गाडीत धक्के कमी बसतात." मग गेला.

त्यानंतर शनिवारच्या सौनाचं बोलावणं आलं नाही. हेल्वीनं मधे पडून पाहिलं असावं, कारण एकदा डबा आला, पण तो तिनं गाडीतच दिला, घरात बोलावून नाही. कालेर्वो मागच्या सीटवर बसायचा, खिडकीतून बाहेर बघायचा, आणि इस्पितळापाशी "आभार" म्हणून उतरायचा. इतक्या वर्षांत त्यानं आउलिसला कधी आभार म्हटले नव्हते.

उन्हाळा गेला. सप्टेंबरात इर्मा टेबल पुसता पुसता म्हणाली, "कालेर्वोनं गाडी विकली म्हणे. नवी घेतली. तुला दाखवली असेलच."

"नाही अजून," आउलिस म्हणाला.

"चारही चाकांची आहे. जोरदार वगैरे नाही, साधीच. तुझ्या सल्ल्यानंच घेतली असेल."

तो काहीच बोलला नाही, आणि इर्मानं ते हो असं धरलं.

त्या आठवड्यात कालेर्वो फाटकापाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. "सोमवारपासून मीच नेईन हेल्वीला," तो म्हणाला. "तुझे फार हेलपाटे झाले."

"मला काही हेलपाटा वाटत नव्हता."

"माहीत आहे." त्यानं फाटकाच्या लाकडावरून बोट फिरवलं. "हिवाळ्यात कधी माझी मान अडकली, तर तुला फोन करेन."

"कर."

"आणि शनिवारी सौना तापवणार आहे. हेल्वी म्हणत होती तुला सांग."

"तू काय म्हणतोस?"

कालेर्वोनं थोडा विचार केला. "ये," तो म्हणाला. "लगेच पूर्वीसारखं होणार नाही. पण ये."

आउलिस गेला. तिघांच्या गप्पा हवेच्या आणि माशांच्या झाल्या. निघताना हेल्वीनं डबा भरून दिला आणि त्यानं या वेळी नको म्हटलं नाही.

सोमवारी सवयीनं त्याला लवकर जाग आली. त्यानं कॉफी ठेवली, अंगावर कोट चढवला, आणि मग आठवलं. तो कोट घालूनच टेबलाशी बसला. थोड्या वेळानं बाहेरून कालेर्वोची गाडी गेली. ती चढाला लागली, एका सुरात वर गेली, आणि मोठ्या रस्त्याला लागून ऐकू येईनाशी झाली. कॉफी उतू जात होती. त्यानं उठून गॅस बंद केला आणि शेगडी पुसायला घेतली.